दास्यांतून वेदीपर्यंत : फादर ऑगस्टस टॉल्टन

धर्मग्रामाचा महोत्सव जवळ आला कीं धर्मगुरूला प्रथम आठवण होते ती जुन्या नोंदवह्यांची. वाळवीनें पोखरलेल्या त्या वह्या कपाटांतून बाहेर काढाव्या, शाई फिकट झालेलीं पानें हलक्या हातानें उलटावीं आणि ह्या वेदीपुढें किती मस्तकांवर बाप्तिस्म्याचें जल पडलें, किती जोडप्यांचे हात जुळले, ह्याची मोजदाद करावी, हें काम गेले कांहीं महिने मी करीत आहें. प्रत्येक नोंदींत मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्मपिता व धर्ममाता. इतकेंच; परंतु तेवढ्यानें एक जीव देवाच्या कुटुंबांत दाखल होतो. हें काम करतांना मला वारंवार एका दूरच्या नोंदवहीची आठवण होत असे. ती वही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी नांवाच्या संस्थानांत, ब्रश क्रीक ह्या खेड्यांतील संत पेत्राच्या देवळाची आहे. १८५४ सालीं मे महिन्याच्या २९ तारखेस तेथें एका बालकाला बाप्तिस्मा देण्यांत आला. काळ्या वर्णाचें हें मूल १ एप्रिल रोजीं जन्मलें असें धर्मगुरूनें लिहिलें, आईबापांचीं नांवें लिहिलीं, आणि त्यांच्याच पुढें शेरा मारला कीं ही स्टीफन एलियट यांची मालमत्ता. धर्ममाता म्हणून मालकाच्या पत्नीचेंच नांव आहे.

एकाच नोंदींत देवाचें लेंकरूं आणि माणसाची मालमत्ता! ज्यानें तें लिहिलें त्यास त्यांत कांहीं विसंगत वाटलें नसावें. तेंच मूल पुढें रोम शहरांत पुरोहितदीक्षा घेऊन, ज्याला सर्व लोक उघडपणें कृष्णवर्णी म्हणून ओळखत असा अमेरिकेंतील पहिला कॅथॉलिक धर्मगुरु झालें. (त्यापूर्वीं हीली नांवाच्या तिघां बंधूंस दीक्षा मिळाली होती, परंतु त्यांचा बाप आयरिश मळेवाला होता, आणि आईचें दास्य समाजापासून झांकलेलें राही.) ह्या धर्मगुरूंचें नांव ऑगस्टस टॉल्टन. त्यांचें चरित्र वाचणारे बहुधा रोमच्या दीक्षेकडे किंवा शिकागोच्या देवळाकडे पाहतात. माझें लक्ष मात्र नेहमीं त्याच्या कितीतरी आधींच्या एका प्रसंगाकडे जातें. कारण त्या वेळीं एका गुलाम मातेनें जी निवड केली तिच्यावांचून पुढचें कांहींच घडलें नसतें.

मुलाची आई मार्था जेन चिझली ही केंटकी संस्थानांतील एका कॅथॉलिक कुटुंबाच्या मळ्यावर वाढली. त्या घरची मुलगी स्टीफन एलियट ह्यास दिली, तेव्हां आपल्याकडे आंदण म्हणून गाय देतात त्याप्रमाणें नवऱ्या मुलीबरोबर मार्थाची पाठवणी झाली. ती आपल्या आईबापांपासून शेंकडों मैलांवर मिसूरींत येऊन पडली. शेजारच्या हेगर कुटुंबाच्या मळ्यावर पीटर पॉल टॉल्टन नांवाचा गुलाम होता. १८५१ सालीं दोघांचा विवाह ब्रश क्रीकच्याच देवळांत लागला. ख्रिस्तसभेच्या दृष्टीनें तो अभंग विवाह. कायद्याच्या दृष्टीनें मात्र गुलामाचा विवाह हा विवाहच नव्हता. होणारें मूल आईच्या मालकाचें. त्यावर बापाचा हक्क नाहीं, आईचाही नाहीं. शिवाय १८४७ सालीं मिसूरीच्या विधिमंडळानें कृष्णवर्णी लोकांस लिहावयास-वाचावयास शिकविणें हा गुन्हा ठरविला होता. त्यामुळें चार्ल्स, ऑगस्टस व ॲन ह्या तिघां मुलांस मार्थानें जे देवाचे शब्द शिकविले ते सारे तोंडपाठ.

येथें एक कटु गोष्ट टाळून पुढें जाणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. हे मालक कॅथॉलिक होते. रविवारीं मिस्सेला जाणारे, मुलांस धर्मोपदेश शिकविणारे होते. पोप सोळावे ग्रेगरी यांनीं १८३९ सालीं गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला होता. तथापि अमेरिकेंतील पुष्कळ धर्माधिकाऱ्यांनीं त्याचा अर्थ असा लावला कीं हा निषेध आफ्रिकेंतून माणसें आणून विकण्याचा आहे, घरीं आहेत तीं राखण्याचा नव्हे. त्याच्या एकच वर्ष आधीं मेरीलंड प्रांतांतील येशूसंघीयांनीं आपल्या मळ्यांवरील २७२ स्त्रिया, पुरुष व मुलें लुइझियानाच्या मळेवाल्यांस विकण्याचा सौदा केला होता. आपणांसही दूर उभें राहून बोट दाखवितां येणार नाहीं. पोर्तुगीज अमदानींत गोव्यांतील व वसईंतील श्रीमंत घरांतून आफ्रिकेहून आणलेले दास राबत असत, आणि त्या घरांतही जपमाळ म्हटली जात असे.

१८६१ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दास्य राखूं पाहणारीं दक्षिणेकडील संस्थानें संघराज्यांतून फुटलीं. मिसूरी मात्र विचित्र कात्रींत सांपडलें. तेथें सुमारें १ लाख १५ हजार गुलाम होते, तरी तें संस्थान फुटलें नाहीं, उत्तरेबरोबरच राहिलें. ह्याचा परिणाम आजच्या वाचकास उलटा वाटेल असा झाला. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना मिसूरी, केंटकी अशीं सीमेवरील संस्थानें दुखवावयाचीं नव्हतीं. जनरल फ्रेमाँट यांनीं १८६१ च्या ऑगस्टअखेर मिसूरींतील बंडखोरांचे गुलाम मुक्त झाल्याचें जाहीर केलें. लिंकन यांनीं पंधरवड्याच्या आंत तें फर्मान फिरविलें. पुढें १ जानेवारी १८६३ रोजीं तो सुप्रसिद्ध मुक्तीचा जाहीरनामा निघाला, पण तोही केवळ बंडखोर प्रदेशापुरता होता. संघराज्याशीं एकनिष्ठ राहिलेल्या मिसूरींतील गुलामांस त्यानें कांहींच दिलें नाहीं. तेथें दास्य कायद्यानें संपलें तें ११ जानेवारी १८६५ रोजीं.

शाळेच्या पुस्तकांत आपण वाचतों कीं लिंकन यांनीं गुलाम मुक्त केले. तें खोटें नव्हे. परंतु अर्धेंच आहे. मार्था जर कायद्याची वाट पाहत बसती, तर ऑगस्टस आपलें अकरावें वर्ष संपत येईतों दुसऱ्याची मालमत्ताच राहता. युद्ध सुरू झालें तेव्हां गुलामांस कोणी मुक्ति दिली नाहीं. युद्धानें फक्त कुंपणाला एक भगदाड पाडलें. त्यांतून बाहेर पडावें कीं न पडावें हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें होतें, आणि तेंही अंधारांत, कोणाचा सल्ला न घेतां.

हा निर्णय किती कठीण होता तें पाहा. मार्च १८६२ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें सैन्याला असा नियम घालून दिला कीं आश्रयास आलेल्या गुलामास कोणाही अंमलदारानें मालकाच्या हवालीं करूं नये. पण छावणीपर्यंत पोंचावयाचें कसें? वाटोवाट गस्तवाले फिरत. पकडला गेलेला गुलाम फटके खाई किंवा विकला जाई. युद्धाची झळ लागूं लागतांच मिसूरींतील कित्येक मालक आपले गुलाम दूर टेक्सासकडे हलवूं लागले होते. एकदां तिकडे गेलेलें माणूस पुन्हा दिसण्याची आशा नसे. छावणींत पोंचलें तरी तेथें देवी आणि हगवण ह्या रोगांचें थैमान. एकटा तरणाबांड पुरुष हें साहस करील. कडेवर मूल असलेल्या स्त्रीनें काय करावें? आणि नवरा सैन्यांत गेला कीं मालकाचा राग मागें राहिलेल्या बायकोमुलांवर निघे. मिसूरींतील अशा सैनिकपत्नींनीं दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलीं कांहीं पत्रें अमेरिकेच्या सरकारी दप्तरखान्यांत जपून ठेवलेलीं आहेत. त्यांत मार आहे, पुरुषाचें काम बाईवर लादल्याची तक्रार आहे, थंडींत मुलांस वस्त्र नसल्याचें दुःख आहे, आणि आम्हांला असें टाकून कां गेलास हा प्रश्नही आहे. म्हणून जे मळ्यावरच राहिले त्यांस भित्रे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं. ज्याला गमवावयास लेंकरें आहेत त्याचें धैर्य निराळ्या तराजूनें तोलावें लागतें.

पीटर पॉलनें आपली निवड आधीं केली. तो मळ्यावरून पळाला आणि उत्तरेच्या सैन्यास जाऊन मिळाला. त्या युद्धांत सुमारें १ लाख ८० हजार कृष्णवर्णी पुरुषांनीं उत्तरेच्या सैन्यांत चाकरी केली. एकट्या मिसूरीच्या नांवावर ८ हजारांहून अधिक शिपाई आहेत. त्यांच्यापैकीं गोळीनें मेले त्यांपेक्षां रोगानें मेलेले कितीतरी पट अधिक. पीटर पॉल हाही हगवणीनें दगावला. बायकोमुलांची व त्याची पुन्हा गांठ पडली नाहीं. त्यानें बायकोमुलांस टाकलें, कीं त्यांच्यासाठींच तो गेला? मला वाटतें दोन्ही खरें असूं शकेल. परंतु त्याच्या जाण्यानें मार्थापुढें जो प्रश्न उभा राहिला तो आतां टाळण्यासारखा उरला नव्हता.

१८६२ सालीं ती तीन मुलांसह निघाली. ह्या निघण्याविषयीं दोन परंपरा आहेत, आणि त्या एकमेकींशीं जुळत नाहींत. एलियट कुटुंबाचे वंशज सांगत आले कीं युद्ध सुरू होतांच स्टीफन एलियटनें आपल्या गुलामांस मोकळें केलें व उत्तरेस जाऊं दिलें. टॉल्टन कुटुंबाची हकीगत निराळी आहे. ती पलायनाची आहे, आणि फादर टॉल्टन स्वतः तीच सांगत. मी ह्या बाबतींत पळणाऱ्याच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवितों, कारण वाटेंतील भय ज्यानें भोगलें त्याला तें लक्षांत राहतें. पण क्षणभर पहिली परंपरा खरी मानली, तरी मालकानें दार उघडें टाकणें निराळें आणि तिघां मुलांस घेऊन त्या दाराबाहेर पाऊल टाकणें निराळें. दुसरें काम मार्थाचेंच होतें.

ती मुलांसह लपतछपत मिसिसिपी नदीच्या रोखानें चालत राहिली. ऑगस्टस आठ वर्षांचा, चार्ल्स त्याहून थोडा मोठा, ॲन अजून कडेवरची. नदीकांठच्या हॅनिबल गांवाजवळ (मार्क ट्वेन हा प्रख्यात लेखक लहानाचा मोठा झाला तें हेंच गांव) दक्षिणेच्या पक्षाच्या लोकांनीं त्यांस अडविलें. पळालेले गुलाम धरून देणारास बक्षीस मिळे. येथेंच सारें संपावयाचें. परंतु संघराज्याचे कांहीं सैनिक मध्यें पडले, त्यांनीं त्या चौघांची सुटका केली आणि त्यांस एका जुनाट होडींत बसवून दिलें. वल्हें मार्थानें मारलें. तिला त्याचा सराव नव्हता. भरतीच्या वेळीं वैतरणेची खाडी ज्यांनीं लहान होडीनें ओलांडली असेल त्यांना थोडीशी कल्पना येईल. मिसिसिपीचें पात्र त्याहूनही उग्र व अफाट. मागच्या किनाऱ्यावरून गोळ्या सुटत होत्या, आणि मुलें होडीच्या तळाशीं अंग चोरून पडलीं होतीं. पलीकडे उतरल्यावर तिनें मुलांस सांगितलें कीं आतां तुम्ही स्वतंत्र आहां, आणि देवाचा हा उपकार कधीं विसरूं नका.

पलीकडचें इलिनॉय हें मुक्त संस्थान म्हणून गणलें जाई. पण तेथेंही १८५३ सालचा एक कायदा अमलांत होता, त्याप्रमाणें बाहेरच्या कृष्णवर्णी माणसास त्या संस्थानांत वस्ती करण्याची मनाई होती. केली तर दंड. तो कायदा १८६५ पर्यंत रद्द झाला नाहीं. म्हणजे एका किनाऱ्यावर मार्था मालमत्ता होती आणि दुसऱ्या किनाऱ्यावर गुन्हेगार! सुदैवानें नदीच्या वरच्या अंगास सुमारें वीस मैलांवर क्विन्सी नांवाचें शहर होतें, आणि तेथें पळून आलेल्या गुलामांस आसरा देणारी जुनी मंडळी होती. डॉक्टर रिचर्ड ईल्स ह्या गृहस्थास अशाच एका गुलामास मदत केल्याबद्दल १८४३ सालीं ४०० डॉलर दंड झाला होता. त्या शहरांत एका कृष्णवर्णी स्त्रीनें ह्या चौघांस आपल्या घरीं ठेवून घेतलें.

स्वातंत्र्याची पहिली कमाई म्हणजे तंबाखूच्या कारखान्यांतील मजुरी. आई आणि दोघे मुलगे पानें निवडण्याच्या व विड्या वळण्याच्या कामास लागले. दिवसभर धूळ, अंधेरी जागा, पैसे थोडे. लवकरच चार्ल्स आजारी पडून वारला. मळ्यावर राहिला असता तर वांचला असता काय, हा विचार त्या आईच्या मनांत आला असेल. कोणत्या आईच्या मनांत येणार नाहीं? परत फिरण्याचा विचार मात्र तिनें केला नाहीं.

रविवारीं ती मुलांस घेऊन जर्मन लोकांच्या संत बोनिफास देवळांत जाई. तेथील धर्मगुरूनें ऑगस्टसला आपल्या शाळेंत घेतलें. महिनाभरांत गोऱ्या पालकांनीं असें काहूर उठविलें, धमक्यांचीं पत्रें आलीं, कीं मार्थानें मुलाला स्वतःच काढून घेतलें. पुढें आयरिश धर्मगुरु पीटर मॅक्गर यांची व ऑगस्टसची गांठ पडली. कारखाना हिवाळ्यांत कांहीं महिने बंद राही, त्या दिवसांत मुलानें आपल्या संत पेत्राच्या शाळेंत यावें असें त्यांनीं ठरविलें. येथेंही कुरकुर झाली. मॅक्गर यांनीं वेदीवरून आपल्या लोकांस चांगलेंच सुनावलें, आणि मुलगा शाळेंत राहिला. माझ्या मतें ह्या आयरिश फादरांचें नांव जितकें घ्यावें तितकें थोडें. एका धर्मगुरूनें आपल्या माणसांची नाराजी पत्करली आणि ख्रिस्तसभेस एक धर्मगुरु लाभला.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केलें हें वाचकांस ठाऊक असेल. त्या वर्षीं ऑगस्टस १९ वर्षांचा होता, आणि अजून त्याच तंबाखूच्या कारखान्यांत होता. पहांटे मिस्सेची सेवा, दिवसां मजुरी, रात्रीं कोणी धर्मगुरु सवड काढील त्याच्यापाशीं लॅटिन व ग्रीक. धर्मगुरु व्हावें ही त्याची इच्छा मॅक्गर यांस कळून चुकली होती. परंतु अमेरिकेंतील एकही सेमिनरी त्याला दार उघडीना. कृष्णवर्णी विद्यार्थ्यास घेण्याची आमची अजून तयारी नाहीं, अशा अर्थाचीं उत्तरें येत. क्विन्सींतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनीं १८७८ पासून त्याला आपल्या महाविद्यालयांत शिकविलें, आणि त्यांच्याच खटपटीनें शेवटीं रोमचें दार उघडलें. १२ मार्च १८८० रोजीं ऑगस्टसनें रोम येथील धर्मप्रसार-संघाच्या विद्यालयांत प्रवेश केला.

त्या विद्यालयांत जगाच्या नाना भागांतील तरुण एका पंक्तीस बसत. सहा वर्षें कोणी त्याच्या कातडीकडे बोट दाखविलें नाहीं. मी स्वतः सेमिनरींत वर्षें काढलीं आहेत, आणि शेजारच्या विद्यार्थ्यानें सहज पुढें केलेल्या पाण्याच्या पेल्याचें मोल काय असतें तें थोडेंबहुत जाणतों. ज्याला शाळेंतून हांकललें गेलें होतें त्याला तें किती वाटलें असेल! त्याची अशी समजूत होती कीं आपणांस आफ्रिकेंत पाठविण्यांत येईल, आणि त्या दृष्टीनें तो त्या खंडाविषयीं अभ्यासही करीत होता. २४ एप्रिल १८८६, पवित्र शनिवार, ह्या दिवशीं लातेरानच्या संत योहानाच्या महामंदिरांत कार्डिनल पारोक्की यांच्या हस्तें त्याला दीक्षा मिळाली. दुसऱ्या दिवशीं, पुनरुत्थानाच्या रविवारीं, संत पेत्राच्या महामंदिरांत त्यानें पहिली मिस्सा अर्पिली.

परंतु दीक्षेच्या आदल्या दिवसांतच निर्णय फिरला होता. कार्डिनल सिमेओनी यांनीं ठरविलें कीं ह्या तरुणास अमेरिकेंतच धाडावें. त्या देशानें कृष्णवर्णी धर्मगुरु पाहिला नसेल तर आतां पाहावा. जेथें त्याचें नांव मालमत्तेंत लिहिलें गेलें तेथेंच त्याला परत जावयाचें होतें. आईनें देश सोडून पळण्याची निवड केली. मुलाच्या वाट्यास परत जाण्याची आली. त्यानें आज्ञा मानली. ह्या दोहोंपैकीं कोणती अधिक कठीण, ह्याचा निवाडा मला करवत नाहीं.

१८ जुलै १८८६ रोजीं फादर टॉल्टन यांनीं क्विन्सींत मिस्सा अर्पिली ती संत बोनिफास देवळांत, म्हणजे ज्याच्या शाळेंत लहानपणीं त्यांना टिकूं दिलें नव्हतें तेथेंच. देऊळ गर्दीनें भरून गेलें होतें, गोरे व काळे दोन्ही. त्यांस कृष्णवर्णी लोकांचें संत योसेफाचें लहानसें देऊळ देण्यांत आलें. त्यांचा आवाज गोड, प्रवचन साधें, पापनिवेदनास बसले कीं मनुष्याला धीर येई. त्यामुळें गोरे लोकही त्यांच्याकडे येऊं लागले. येथेंच विघ्न उपस्थित झालें. त्या शहरांतील एका वरिष्ठ धर्मगुरूस ही गोष्ट खपेना. गोऱ्यांनीं तेथें जाऊं नये, त्यांचें दान तेथें पडूं नये, टॉल्टननें केवळ आपल्या वर्णाच्या लोकांपुरतें पाहावें, असा त्याचा हेका. बिशपमहाराजांकडूनही फादरांस तसेंच सांगण्यांत आलें. आपण धर्मगुरु लोक एकमेकांचीं दुःखें फारसें लिहीत नाहीं, पण हें लिहिलेंच पाहिजे: त्यांना युद्धाच्या गोळ्यांनीं केली नाहीं इतकी जखम वेदीवरच्या सोबत्यानें केली.

ह्या काळांतही त्यांचें नांव देशभर पसरत होतें. १८८९ च्या जानेवारींत वॉशिंग्टन येथें कृष्णवर्णी कॅथॉलिकांची पहिली परिषद भरली, तिच्या आरंभींची मिस्सा फादर टॉल्टन यांनीं गायिली. त्याच वर्षाच्या अखेरीस, वरिष्ठांच्या परवानगीनें, ते शिकागोस गेले. तेथील कृष्णवर्णी कॅथॉलिक मंडळी संत मेरीच्या देवळाच्या तळघरांत उपासनेस जमत असे. सुरुवातीस जेमतेम तीस माणसें. त्यांनीं घरोघर, माडीमाडीवर जाऊन ही मंडळी सहाशेंपर्यंत वाढविली. कोणी दक्षिणेंतून आलेले, कोणी पूर्वीं स्वतः गुलाम असलेले. आजारी, बेकार, पोरकीं मुलें. संत मोनिकेच्या नांवानें देऊळ बांधण्यास त्यांनीं आरंभ केला. धर्मभगिनी कॅथरीन ड्रेक्सल, ज्यांस पुढें ख्रिस्तसभेनें संतपद दिलें, त्यांनीं आपल्या संपत्तींतून हात दिला. १८९४ सालीं देऊळ उपासनेस खुलें झालें, पण तें अपुरें होतें, आणि अपुरेंच राहिलें. पैशांकरितां गांवोगांव प्रवचनें, पत्रव्यवहार, त्यांत एकटेपणा. सबंध देशांत सल्ला विचारावा असा आपल्यासारखा दुसरा कोणी नाहीं, आणि आपलें लहानसें चुकलें तरी तें साऱ्या वंशाचें चुकलें असें गणलें जाईल, ही टोंचणी. मार्थाबाई व बहीण ॲन त्यांच्याजवळ शिकागोस येऊन राहिल्या होत्या. मार्थाबाई घर सांभाळी आणि देवळाची झाडलोट पाही.

प्रकृति आधींच ढासळली होती. १८९७ च्या जुलै महिन्यांत शिकागोंत असह्य उन्हाळा पडला होता. धर्मगुरूंचा एकांतवास आटोपून ९ जुलैला फादर टॉल्टन आगगाडीनें शहरांत परतले आणि स्थानकावरून चालत जातांना रस्त्यावरच कोसळले. लोकांनीं त्यांस मर्सी रुग्णालयांत नेलें. त्याच रात्रीं उष्माघातानें त्यांचें देहावसान झालें. वय ४३ वर्षें.

त्यांच्या इच्छेनुसार त्यांस क्विन्सीस, मॅक्गर यांच्या संत पेत्र धर्मग्रामाच्या स्मशानभूमींत मूठमाती देण्यांत आली. २०१० सालीं शिकागोचे कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांनीं त्यांच्या संतपदाच्या चौकशीस आरंभ केला, आणि २०१९ च्या जून महिन्यांत पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस वंदनीय म्हणून घोषित केलें.

क्विन्सीहून मिसिसिपी जवळच वाहते. तिच्या पलीकडे मिसूरी आहे. मार्थाबाई मुलाच्या मागें आणखी कित्येक वर्षें हयात होती.